जुन्या चर्च-नोंदींतून पूर्वजांचा शोध : सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"आमचे पणजोबा सोलापूरच्या मिशनात होते म्हणे, त्यांची नोंद कुठे मिळेल?" गेली काही वर्षं नात्यातली, ओळखीची, कधी ओळखीच्यांच्या ओळखीची माणसं मला हेच विचारत येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

सुरुवात कुठून करायची? थेट चर्चमध्ये जाऊन विचारू का?

आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. वह्या कुठे पळून जात नाहीत, माणसं जातात. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि "आपला वंश काय" असं काही मोठं विचारू नका. आजीचं माहेर कोणतं, तिचं लग्न कोणत्या गावात लागलं, कोणत्या पाळकांनी लावलं, नाताळला कोणाकडे जायचात, मयत कुठे पुरली, असं साधं साधं विचारा. गावांची नावं आणि आत्या-मावश्यांची सासरं एवढं हाती लागलं, तरी अर्धं काम झालं.

मग पत्र्याची पेटी उघडा. आमच्या आजीच्या पेटीत तिचं पवित्र शास्त्र होतं. त्याच्या आतल्या कोऱ्या पानावर तिने शिसपेन्सिलीने सगळ्या मुलांचे जन्मदिवस लिहिले होते. आम्हाला तिची सहा मुलं माहीत; पानावर सात नावं. सातव्या नावापुढे छोटासा क्रूस आणि "८ दिवस" एवढंच. त्या बाळाबद्दल घरात कोणी कधी बोललं नव्हतं. चर्चच्या वहीत पुढे मला त्याच तारखेची दफनाची नोंद सापडली, पण कोणतं वर्ष उघडायचं ते त्या पेन्सिलीनेच सांगितलं.

शाळा सोडल्याचे दाखले, गिरणीतल्या नोकरीचे कागद, लग्नपत्रिका, जुन्या फोटोंच्या मागचं लिखाण, काहीही टाकू नका.

सोलापुरातल्या चर्चच्या जुन्या वह्या नेमक्या कुठे असतात?

आधी आपलं घराणं कोणत्या परंपरेतलं ते ठरवा, कारण वाटा वेगवेगळ्या आहेत.

सोलापूर भागातली बरीचशी मराठी ख्रिस्ती घराणी अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून आली. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) सुरू झालं. सोलापुरात ते १८६० च्या दशकात स्थिरावलं, म्हणजे साधारण रेल्वे इथे पोचली त्याच सुमाराला. या मिशनच्या मंडळ्यांच्या (म्हणजे गावोगावच्या चर्च-समुदायांच्या) नोंदी बहुतेक वेळा त्या त्या मंडळीतच, पाळकांच्या किंवा सेक्रेटरींच्या ताब्यातल्या कपाटात असतात. मधल्या काळात पाट्या बदलल्या. १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यामुळे वहीवर आज ऐकू येणारं नाव नसलं तर गोंधळू नका. वही तीच, मंडळी तीच.

कॅथलिक घराण्यांसाठी पॅरिशचं, म्हणजे त्या भागातल्या कॅथलिक चर्चचं कार्यालय. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, आणि तो धर्मप्रांत १८८६ पासून आहे. जुनं पॅरिश बंद झालं किंवा दुसऱ्यात विलीन झालं असेल, तर धर्मप्रांताच्या कार्यालयात चौकशी करा.

तिसरी वाट अँग्लिकन चर्चची. इंग्रज सैनिक, अधिकारी, रेल्वेतले युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांच्या बाप्तिस्मा, विवाह, दफनाच्या नकला मुंबई इलाख्यातून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मराठी मिशनच्या सभासदांनी तिथे फार आशा ठेवू नये.

वहीत काय काय लिहिलेलं असतं?

बाप्तिस्म्याच्या नोंदीत नाव, तारीख, वय किंवा जन्मतारीख, आईबाप, गाव आणि बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव. विवाहाच्या नोंदीत वधूवरांची वयं, वडिलांची नावं, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे या नोंदी ठरावीक नमुन्यात ठेवाव्या लागत आणि त्यांची नक्कल सरकारकडे जाई. त्यामुळे लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीपेक्षा सहसा जास्त भरलेली आणि जास्त भरवशाची असते. दफनाची नोंद सगळ्यात कोरडी, आणि तिथलं वय सांगोवांगीचं.

या तिन्हींशिवाय दोन वह्या लोक विचारतच नाहीत. एक सभासदांचं रजिस्टर. कोण कोणत्या मंडळीतून पत्र घेऊन आलं आणि पुढे कुठे गेलं, ते त्यातून समजतं. दुसरी पंचांच्या सभेची वृत्तांताची वही. कोणाला मदत दिली, कोणाच्या घरातला तंटा मिटवला, कोणाला शिक्षक म्हणून खेड्यावर पाठवलं, हे सगळं तिच्यात असतं. तारखांच्या मागचा माणूस मला या वहीत भेटला आहे.

कॅथलिक बाप्तिस्मा-वही हातात आली तर समासाकडे लक्ष द्या. पुढे त्या माणसाचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा विधी), लग्न कुठे झालं, हे तिथे बारीक अक्षरात टिपून ठेवायची रीत आहे. १९०८ नंतरच्या नोंदींत हे हमखास बघावं. सोलापुरात बाप्तिस्मा झालेल्या मुलीचं लग्न मुंबईत झालं, हे तुम्हाला सोलापूरच्याच पानाच्या कडेला कळू शकतं.

आमची नोंद सापडली, पण एकाच ओळीची आहे. पुढे काय?

वरच्या दहा आणि खालच्या दहा ओळी वाचा. मला कोणी एकच सल्ला विचारला तर मी हाच देईन. आपलं नाव दिसलं की माणूस हरखतो, फोटो काढतो आणि वही मिटतो. तिथेच चुकतं. त्या काळी माणूस एकटा चर्चमध्ये येत नसे. भावकी यायची, शेजार यायचा, एकाच गावची चार घरं एकाच दिवशी यायची.

माझ्या पणजोबांची नोंद १९०१ ची. नाव, "वय अंदाजे ७", गाव माढे तालुक्यातलं, आणि आईबापांच्या रकान्यात "दुष्काळात वारले". बस्स. वडिलांचं नाव नाही. मी दोन वर्षं त्या एका ओळीपाशी अडून होतो. मग एका दुपारी, दुसऱ्याच कोणासाठी तेच पान काढलं असताना, खालची ओळ वाचली. मुलगी, "वय अंदाजे ४", तारीख तीच, गाव तेच, आईबापांच्या रकान्यात तेच दोन शब्द. अक्षर तेच, शाईसुद्धा तीच, टाक मध्ये बुडवलेलाही नव्हता. तिचं नाव धरून विवाहाच्या वह्या पुढे पुढे चाळत गेलो. तेरा-चौदा वर्षांनी तिचं लग्न लागलेलं सापडलं. वधूतर्फे सही माझ्या पणजोबांची, आणि सहीपुढे कंसात लिहिलेलं: "भाऊ".

आमच्या घरात पणजोबांना एकुलते समजत होते. त्यांना बहीण होती, हे आम्हाला शंभर वर्षांनी कळलं. तिच्या नातवंडांची घरं आज बार्शीला आहेत. गेल्या नाताळला आम्ही त्यांच्याकडे जेवलो.

पणजोबा दुष्काळात अनाथ झालेले. मग त्यांच्या मागचं काही कळणारच नाही का?

कळू शकतं, पण धीर लागतो. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. खेड्यातली माणसं खडी फोडायच्या कामांवर गेली, वाटेत मेली, मुलं मागे राहिली. मिशनने अशी शेकडो पोरं सांभाळली. कित्येक सोलापुरी ख्रिस्ती घराण्यांचा कागदोपत्री आरंभ अशा एका मुलापासून होतो, म्हणून "आमचं मूळ नाही" असं मनाला लावून घेऊ नका.

इथे गावाचं नाव हाच धागा. नोंदीत गाव असेल तर त्या गावाचं महसुली दप्तर बघा (खाली लिहिलं आहे). गाव नसेल तर त्याच महिन्यात बाप्तिस्मा झालेल्या इतर मुलांची गावं बघा. एका भागातली मुलं बहुधा एकदमच आणलेली असत. शिवाय मिशनरी मंडळी दरवर्षी अहवाल लिहीत. अमेरिकेतल्या मूळ संस्थेचं 'मिशनरी हेराल्ड' हे मासिक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतं. मुलाचं नाव त्यात सहसा सापडणार नाही. पण त्या वर्षी सोलापुरात काय चाललं होतं, मुलं कुठून आली, कुठे ठेवली, हे वाचलं की वहीतली ओळ उलगडते.

नावच जुळत नाही. आडनाव वेगळं, स्पेलिंग वेगळं.

जुळणार नाहीच. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसतंच. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच. पुढच्या पिढीने बापाचं नाव आडनाव म्हणून लावलं, तिसऱ्या पिढीने गावावरून "कर" लावलं, तर सख्ख्या चुलत्यांची आडनावं वेगळी होतात. त्यात बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदललं असेल तर घरात एक नाव, वहीत दुसरं. काहींनी याकोब, शमुवेल, मार्था अशी शास्त्रातली नावं घेतली, तर पुष्कळांनी आपलं तुकाराम, सगुणा तसंच ठेवलं. गोऱ्या माणसाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलं असेल तर गायकवाडचं गायकवार आणि साळवेचं सालवी होतं.

यावर उपाय म्हणजे नाव सोडून जोडी शोधायची: नवऱ्याचं पहिलं नाव आणि बायकोचं पहिलं नाव. लक्ष्मण पन्नास सापडतील. लक्ष्मण आणि चंद्रभागा एकत्र एखाददुसरेच.

नोंदीत "बार्शी रोड" असं लिहिलंय. म्हणजे बार्शीच ना?

नाही, कुर्डुवाडी. बार्शी रोड हे कुर्डुवाडी स्टेशनचं जुनं नाव. इथे कितीतरी जणांनी बार्शी पालथी घातली आहे. तसंच "वडाळा". उत्तर सोलापूर तालुक्यात वडाळा आहे, आणि मिशनचं जुनं ठाणं असलेलं वडाळा नेवासे तालुक्यात आहे. मिशनच्या कागदात नुसतं वडाळा दिसलं तर मी आधी नेवाशाचं धरतो, कारण सोलापूरला आलेले सुरुवातीचे शिक्षक आणि प्रचारक नगर भागातून आलेले होते.

जिल्ह्यांच्या हद्दीही लक्षात ठेवा. पंढरपूर आणि सांगोला १८७१ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. माळशिरस १८७५ ला सोलापुरात आलं. अक्कलकोट संस्थान होतं, मंगळवेढा सांगली संस्थानात, आणि तुळजापूर-नळदुर्ग निजामाकडे. हाकेच्या अंतरावरच्या दोन गावांची दप्तरं त्यामुळे दोन वेगळ्या सरकारांत, दोन वेगळ्या लिप्यांत सापडतात.

नोंद लॅटिनमध्ये किंवा मोडीत आहे. वाचायची कशी?

लॅटिनला घाबरायचं कारण नाही. कॅथलिक नोंदीतली वाक्यं ठरलेली असतात, दहा-बारा शब्द ओळखीचे झाले की पुरतं. "फिलिउस" मुलगा, "फिलिया" मुलगी, "पात्रिनुस" आणि "मात्रिना" म्हणजे धर्मपिता, धर्ममाता. योहान्नेस म्हणजे जॉन, याकोबुस म्हणजे जेम्स. धर्मपिता-धर्ममाता कोण ते जरूर लिहून घ्या. बहुतेक वेळा नात्यातलेच निघतात.

मोडी जास्त अवघड. लेखणी न उचलता लिहिलेली, शब्दांमध्ये जागा न सोडलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसलेली. चर्चच्या वह्यांत ती क्वचित, बहुधा सह्यांपुरती. पण महसुली दप्तरात उतरलात की गाठ तिच्याशीच. शासनाच्या पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात. घरातल्या एखाद्या तरुणाला पाठवा. पैसे देऊन जाणकाराकडून वाचून घेणार असाल, तर मूळ पानाचा फोटो आणि लिप्यंतर दोन्ही जपून ठेवा.

वाचताना तीन शब्द ओळखा. "सखा बिन राणू" म्हणजे राणूचा मुलगा सखा. "वल्द" चाही अर्थ तोच. "गंगा कोम सखा" म्हणजे सख्याची बायको गंगा. सनाची अडचण आली तर शकात ७८ मिळवा, फसलीत (जुन्या महसुली सनात) ५९०. एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

बाप्तिस्म्याच्या आधीच्या पिढ्या कशा शोधायच्या?

चर्चची वही संपते तिथे गावाचं दप्तर सुरू होतं. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाची जुनी जन्म-मृत्यूची वही असते. कागदोपत्री गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत ही दप्तरं बाहेर काढली गेली, त्यामुळे आता निदान ती कुठे आहेत हे तरी कर्मचाऱ्यांना ठाऊक असतं. एक गोष्ट आधीच सांगतो: जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. "सखा बिन राणू यास मुलगा" एवढंच. म्हणून बापाचं नाव आणि अंदाजे साल हाती असल्याशिवाय जाऊ नका.

आपली पुष्कळ घराणी महार आणि मांग समाजातून आली. महार वतन (गावकीच्या कामाबद्दल मिळालेली जमीन) असलेल्या घरांना तिच्या कागदांचा एक मोठा आधार आहे. वतनाच्या जमिनीच्या नोंदी (कागदावर इनाम वर्ग ६ ब), वारसाचे फेरफार यांत बाप-आजा-पणजा अशी साखळी लागलेली असते. ही वतनं १९५८ च्या कायद्याने गेली, कागद राहिले. जमीन कधीच हातातून गेली असली तरी फेरफार मागा.

गावाकडे हेळवी येतो का, तेही विचारा. बैल घेऊन दारोदार फिरणारे, वंशावळ वाचून दाखवणारे हेळवी आपल्या सीमाभागात अजून येतात. आपल्या घराने त्यांना बोलावणं सोडलं असेल, पण भावकीतल्या इतर शाखांच्या नोंदी त्यांच्या वहीत असू शकतात. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या (तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या) वह्यांतही यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं असतात.

नोंदीत जात लिहिली आहे, तीही अपमानास्पद शब्दांत. घरच्यांना सांगू का?

सांगा, पण आधी एकट्याने पचवा. त्या शब्दाची लाज लिहिणाऱ्या काळाची आहे, तुमच्या पणजोबांची नाही. मी नक्कल करताना मूळ शब्द जसाच्या तसा ठेवतो, कारण खोडला तर पुरावाच खोडला जातो. मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फोटो न विचारता टाकत नाही. कोणाच्या मुलीचं लग्न ठरत असतं, कोणी आयुष्यभर ही गोष्ट झाकून जगलेलं असतं. जिवंत माणसाबद्दलची नोंद त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.

जात पडताळणीला चर्चची नोंद चालते का?

जोडकागद म्हणून द्या, पण तिच्यावर विसंबून राहू नका. समिती मुख्यतः शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुक आणि महसुली नोंदी बघते, त्याही ठरलेल्या तारखेआधीच्या: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. धर्मांतरित कुटुंबांचं प्रकरण वकिलाला दाखवूनच पुढे न्या.

घरबसल्या इंटरनेटवर काय मिळेल?

फॅमिलीसर्च ही पूर्वजांच्या नोंदी शोधायची वेबसाइट फुकट आहे, आधी ती बघा. रेल्वे किंवा लष्करातले युरोपियन, अँग्लो-इंडियन पूर्वज असतील तर फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची सूची उपयोगी. मराठी घराण्यांसाठी मात्र मी 'ज्ञानोदय'कडे बोट दाखवीन. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या या पत्राच्या जुन्या अंकांत मंडळ्यांच्या बातम्या आणि मृत्युलेख येत. एखाद्या खेड्यातल्या शिक्षकाबद्दल तिथे चार ओळी सापडल्या तर त्या वहीतल्या दहा नोंदींइतक्या मोलाच्या. अमेरिकेतल्या मूळ संस्थेची पत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. पूर्वज पाळक किंवा मिशनचे नोकर असतील तरच त्या वाटेला जा.

पाळक वही दाखवायला तयार नाहीत.

त्यांच्या जागी उभं राहून बघा. कोणीतरी कधीतरी पान फाडून नेलेलं असतं, आणि सावध राहिल्याचा राग आपण त्यांच्यावर काढतो. रविवारी उपासनेनंतरच्या गर्दीत विचारू नका. आधी लेखी अर्ज द्या: कोणाची नोंद, अंदाजे साल, तुमचं नातं. आठवड्यातली वेळ मागून घ्या आणि मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला सोबत न्या. बसल्या जागी वाचा, वही बाहेर नेऊ देण्याचा हट्ट नको. हात कोरडे ठेवा, पान उलटायला बोट ओलं करू नका, जवळ पेन नको, पेन्सिल चालेल. फोटो फ्लॅशशिवाय. झेरॉक्स तर नकोच. मशीनवर वही उलटी दाबली की जुनी बांधणी तुटते.

दफनभूमीत काही मिळतं का?

दगड असेल तर मिळतं. बहुतेक गरीब घरांनी दगड बसवलाच नाही, नुसती मातीची भर आणि लाकडी क्रूस. असलेला दगड वाचायचा तर सकाळी लवकर किंवा कलत्या उन्हात जा. तिरप्या प्रकाशात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. खडू किंवा पावडर चोळू नका.

आमच्या घरातच मंडळीची एक जुनी वही निघाली आहे. काय करू?

हे वाटतं त्यापेक्षा जास्त घडतं. आजोबा मंडळीचे सेक्रेटरी होते, वही घरी आणली, ते गेले आणि वही माळ्यावर राहिली. माझ्या माहितीतल्या एका खेड्यातल्या मंडळीची चाळीस वर्षांची वही अशीच एका पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली भिजली. पानं एकमेकांना चिकटली आणि ती सोडवताना अक्षरं निघून आली. त्या चाळीस वर्षांत त्या गावात कोण जन्मलं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा आजच माळ्यावरून उतरवा. उन्हात टाकू नका, सावलीत हवेशीर जागी दोन दिवस उघडी ठेवा. सेलोटेप लावू नका. पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत एकही पान न गाळता फोटो काढा, कोरी पानंसुद्धा, आणि तो संच निदान तीन घरांत राहील असं बघा. मग वही स्वच्छ सुती कापडात गुंडाळून मंडळीला परत द्या, आणि परत दिल्याची पोच पाळकांच्या सहीने घ्या.